राहुड घाटात हरलेली दीडशे सीसी

आमच्या सोसायटीत माणसांना जागा आहे, गाड्यांना नाही. पाथर्डी फाट्यावर तिसऱ्या मजल्यावर आम्ही तिघं ऐसपैस राहतो. पण खाली एका फ्लॅटमागे एकच दुचाकी, तीही आखलेल्या पांढऱ्या पट्ट्यांच्या आत. चाक बोटभर बाहेर आलं तरी चेअरमन साहेब साखळी घालतात. त्या पट्ट्यांत आजवर माझी दीडशे सीसी सुखानं उभी होती. मग आमची तेजू डिप्लोमा करून अंबडच्या एका कारखान्यात लागली आणि एक दिवस एकशेसाठ सीसीची कोरी गाडी घेऊन दारात आली. गाडी अशी, की नुसती उभी असली तरी पोलिसानं पावती फाडावी.

माझ्या बायकोनं, सुमननं, दोन दिवस वाट पाहिली आणि जेवताना निकाल दिला. "एकच राहील. कोणती ते बापलेक ठरवा. दुसरी प्रकाशला द्यायची."

प्रकाश हा सुमनचा धाकटा भाऊ, चांदवडच्या पलीकडे राहुड घाटाच्या पायथ्याला कांदा करतो. माझी गाडी आली त्या दिवशी पेढा तोंडात असतानाच त्यानं विचारलं होतं, "दाजी, विकणार कधी?" तेव्हापासून तो दर भेटीत तिच्या टाकीवरून असा हात फिरवतो, की मला बैलबाजारात उभं असल्यासारखं वाटतं.

आता ही गाडी म्हणजे काय, ते तुम्हाला कळायला हवं. माझा धंदा फवारणी पंपांच्या सुट्या भागांचा. जिल्ह्यात अशी एक द्राक्षबाग नाही जिच्या बांधापर्यंत ही गेली नाही, आणि काही बांध तर हिच्याच टायरनं पडलेत. निफाडकडे चिखलात रुतलेला ट्रॅक्टर हिनं दोरीनं ओढून काढला होता. त्या ट्रॅक्टरवाल्यानं नंतर लाजेनं ऊस सोडून टोमॅटो लावले. तेजू म्हणते, तो ट्रॅक्टर नव्हता, फवारणीचा रिकामा ब्लोअर होता. असेल. ब्लोअरलाही वजन असतं.

तर भांडण मिटवायला तेजूनं तीन चाचण्या काढल्या. पहिली मोकळ्या महामार्गावर, इगतपुरीपर्यंत. दुसरी इगतपुरीजवळ माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या घराच्या चढावर. तिसरी राहुड घाटात. दोन जिंकेल ती गाडी नाशकात, हरेल ती प्रकाशकडे. "आणि पप्पा," ती बजावून म्हणाली, "गाड्या रिकाम्या हव्यात. मध्ये कुणाकडून काही घ्यायचं नाही."

मी मान डोलावली. आम्ही दोघं नाशिक जिल्ह्यात जन्मलो, वाढलो, जेवलो, आणि दोघांनाही त्या क्षणी वानोळा आठवला नाही. शेतात नवं पीक निघालं की आल्यागेल्या पाहुण्याच्या गाडीला ते बांधून द्यायचं, हा वानोळा. तो मागायचा नसतो, नाकारता येत नाही, आणि देणाऱ्याकडे काटा असला तरी तो वापरायचा नसतो. शहरात आम्ही पाहुण्याला डब्यात लाडू देतो आणि दारातून खाली ओरडतो, "डबा परत आणा हं!"

दिवाळी उरकली आणि एका शुक्रवारी आम्ही निघालो.

विल्होळी ते इगतपुरी

विल्होळी मागे पडली की महामार्ग पाय पसरतो. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला कापणीला आलेली भातं, आणि मधून आम्ही.

माझ्या गाडीचा सगळा जीव खाली आहे. चौथ्या गिअरमध्ये अगदी रेंगाळत असताना मूठ पिळा, ती कुरकुर न करता 'डुग डुग' करत उचलायला लागते. आमच्या धंद्यातल्या पिस्टन पंपासारखी: हळू, पण दाब पहिल्या फेऱ्यापासून. मात्र सत्तरच्या पुढे तिला गर्दीत आल्यासारखं वाटतं. पंचाहत्तरला हँडल थरथरतं. ऐंशीला आरसे असे हलतात, की मागून येणारा एक ट्रक चार दिसतो. मी चौघांनाही वाट दिली.

तेजूची गाडी उलट. खाली काही नाहीच. इंजिनाच्या मिनिटाला चार हजार फेऱ्यांपर्यंत ती पाहुण्यांसमोर बसलेल्या मुलीसारखी गप्प. पाच हजारांना खाकरते. सहा हजार ओलांडले की अंगात आल्यासारखी किंचाळते, आणि तिथून नऊ हजारांपर्यंत तिला आई-बाप कुणी ओळखू येत नाही.

वाडीवऱ्हेपर्यंत ती माझ्या शेजारी होती. "जाऊ का पप्पा?" तिनं हेल्मेटची काच वर करून विचारलं. मी "जा" म्हणालो, आणि त्या 'जा'चा काना पुरा होईस्तोवर ती घोटीला पोचली असावी. मी इगतपुरीत शिरलो तेव्हा ती एका टपरीवर बसून दुसरा वडा खात होती आणि चहावाल्याला माझं वर्णन सांगून 'असा माणूस दिसला का' विचारत होती.

"एक-शून्य," ती म्हणाली.

"रस्ता सपाट होता," मी म्हणालो. माझ्याकडे आणखी कारणं होती, पण वडे गार होत होते.

आक्काचा चढ

आक्काचं घर डोंगराच्या अंगावर आहे. खालून वर जाणारी वाट अशी उभी, की पोस्टमन पत्र खालीच वाचून दाखवतो आणि आक्का वरून उत्तर सांगते. पावसाळ्यात तिकडे इतकं पाणी पडतं, की वाटेतली माती केव्हाच धरणात गेली. आता नुसते दगड उरलेत, आणि तेही जाण्याच्या तयारीत.

मी पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि मूठ जेमतेम उघडली. डुग डुग डुग. दगड आला, डुग. वळण आलं, डुग डुग. मी वाटेत आक्काच्या शेजाऱ्याला रामराम केला, त्याच्या म्हशीची चौकशी केली, म्हशीनं उत्तर दिलं तेही ऐकलं, आणि अंगणात जाऊन उभा राहिलो.

खाली तेजूची गाडी पहिल्याच दगडावर बंद पडली. पुन्हा चालू, पुन्हा बंद. तेव्हा तिनं फेरे वाढवले, इंजिन किंचाळवलं आणि क्लच अर्धा धरून ती वर यायला लागली. तिच्याआधी वास आला.

आक्का दारात आली. "कोणाच्या घरी पापड जळाला गं?"

"पापड नाही, क्लच आहे," मी म्हणालो.

तेजू घामेघूम होऊन वर पोचली. "आत्या, हिच्यात खालच्या आरपीएमला टॉर्कच नाही."

"नसंल तर नसंल, भाकर हाय. हातपाय धू. आन बबन्या, हसतूस काय? पोरगी वर आली नव्हं? तू पहिल्यांदा गाडीवर आलास तव्हा हितं बोरीत गेला व्हतास."

ही गोष्ट खरी नाही. ती बाभूळ होती.

पण निकाल एक-एक झाला. आक्कानं तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, उडदाचं घुटं आणि ठेचा वाढला. ठेचा असा, की दोन घास झाल्यावर मला लांबच्या रेल्वेची शिट्टी जवळून ऐकू आली. नाशकात आपण मिसळीच्या तर्रीचा तोरा मिरवतो; आक्काच्या ठेच्यापुढे ती तर्री म्हणजे आजाऱ्याची पेज.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना पाहतो, तर अंगणात दोन गोण्या. नवा तांदूळ.

"आक्का, या खेपेला काही न्यायचं नाही असं ठरलंय," मी म्हणालो.

"कोणी ठरवलं?"

मी तेजूकडे पाहिलं. तेजूनं डोंगराकडे पाहिलं.

"एक तुझी, एक पोरीची," आक्का म्हणाली, आणि तेजूच्या गाडीला गोणी बांधायला गेली. तिथं खरा घोळ कळला. या नव्या गाड्यांची मागची सीट विंचवाच्या नांगीसारखी वर गेलेली. कॅरिअर नाही, धरायला दांडा नाही, खाली नुसती हवा. गोणी ठेवली की घसरगुंडीवरच्या पोरासारखी तेजूच्या पाठीवर येऊन आदळायची. आक्कानं तीनदा ठेवली, गोणी तीनदा आदळली.

"ही गाडी बनवणाऱ्याला बहीण नसंल," आक्का म्हणाली, आणि दोन्ही गोण्या माझ्या कॅरिअरवर चढल्या.

राहुडच्या खाली

चांदवडची वाट आमच्या घरावरूनच जाते. तांदूळ उतरवून घेताना सुमननं विचारलं, "निकाल?"

"एक-एक."

"मग इथं कशाला थांबलात?" असं म्हणून तिनं चहा न पाजता पुढं पाठवलं.

पिंपळगावच्या पुढे द्राक्षांच्या हिरव्या ओळी संपतात आणि हवेला कांद्याचा वास यायला लागतो. चांदवडचा डोंगर दिसला की माणसं बोलतात वेगळी, भाकरीचा रंग बदलतो. इगतपुरीची पांढरी जाऊन बाजरीची काळपट येते. मग राहुड घाट उतरायचा आणि पायथ्याला प्रकाशचं रान.

प्रकाश रस्त्यातच उभा होता. त्यानं आधी माझ्या गाडीला हात लावला, मग माझ्या पायाला.

"या दाजी! काय म्हणतीय आमची गाडी?"

"अजून तुझी नाही."

"व्हईल की. घाई नाय." आणि त्यानं हवा तपासावी तसं मागचं चाक दाबलं.

प्रकाशची बायको वंदना मोठी हिकमती. तिनं पातीचा झुणका, गरम बाजरीची भाकरी आणि वर लोण्याचा गोळा असं वाढलं, की जेवून उठताना मला माझं नाव आठवायला वेळ लागला. जेवताना तेजूनं चाचणी समजावली: घाटाच्या पायथ्याशी दोघांनी एकदम सुटायचं, गिअर हवे तसे बदलायचे, वर आधी पोचेल ती गाडी जिंकली.

"आन जिंकली नाय ती तिथंच माझ्या ताब्यात," प्रकाश म्हणाला. "मी आन वंदी शेजाऱ्याच्या पिकअपमधून वर जाऊन उभं राहू. परतीची सोय नको. दाजींची गाडी हायेच."

सकाळी मी बाहेर आलो तर प्रकाश ट्यूबच्या रबरी पट्ट्या घेऊन माझ्या गाडीला भिडला होता. कॅरिअरवर लाल कांद्याची गोणी. त्यावर बाजरीची. दोन्ही अंगांनी शेंगांच्या पिशव्या. गाडीची पुढची बाजू उचलून आकाशाकडे बघायला लागली होती.

"मामा, हे चीटिंग आहे!" तेजू ओरडली. "आज चाचणी आहे, पप्पांची गाडी भरलेली आणि माझी रिकामी?"

"ताईचा वानोळा हाय तो. वानोळ्याला वजन धरत नाय." प्रकाशनं पट्टी ओढून गाठ मारली आणि माझ्याकडे बघून गोड हसला. हरवण्यासाठी इतक्या प्रेमानं कुणी माझ्यावर ओझं लादलं नव्हतं.

मीही हसलो आणि म्हणालो, "प्रकाश, वंदनाताई मघाशी काळ्या मसाल्याचं काहीतरी म्हणत होत्या."

त्यानं मसाल्याचा डबाही बांधला.

घाट

सुटलो. पहिल्या वळणापर्यंत मी पुढे होतो, हे इथं नोंदवून ठेवतो, कारण घरी कुणी मानत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये माझी गाडी तो सगळा बाजार घेऊन अशी उचलली, की मागच्या कांद्यांनाही कळलं नसावं. इंजिन ना दमलं ना चिडलं. ज्या चालीनं पायथा सोडला, त्या चालीनं ते अर्ध्या घाटात होतं, आणि त्याच चालीनं ते काशीपर्यंत गेलं असतं.

अडचण इतकीच, की ती चाल एकच होती. तेजूच्या गाडीचे फेरे सहा हजारांवर चढले, माझ्या उजव्या कानाजवळून एक किंचाळी गेली, आणि पुढच्या वळणावर फक्त धूळ होती. मग कांद्याचा एक ट्रॅक्टर माझ्या पुढे गेला. मग दुसरा. एक मुंगी माझ्या शेजारून वर गेली. तिनं मागे वळून पाहायचीही तसदी घेतली नाही.

मी वर पोचलो तेव्हा तेजू हेल्मेट काढून उभी होती. तिचा चेहरा जिंकल्यासारखा नव्हता. प्रकाश मात्र दोन्ही हात पसरून आला, मला न भेटता थेट गाडीला भेटला आणि त्यानं टाकीवर थाप मारली.

खरं सांगतो, किल्ली काढायला मी मुद्दाम वेळ लावला. इंजिन गरम होतं, थंड होताना टिक टिक वाजत होतं. इतकी वर्षं प्रत्येक बागेच्या बांधावर मी तो आवाज ऐकत पाणी प्यायलोय. मी किल्ली प्रकाशच्या हातात ठेवली. शब्द तो शब्द.

"चला," प्रकाश म्हणाला, "तुम्ही तेजूच्या मागं बसा," आणि रबरी पट्टी सोडायला लागला.

"अहो, हात काढा!" वंदना कडाडली. "काय करताय?"

"गोण्या उतरवतोय. गाडी आपली झाली."

"गाडी आपली झाली, कांदे ताईंचे हायेत! बांधून वाटंला लागलेला वानोळा कोणी माघारी नेतं का? उद्या उमराण्याच्या बाजारात बाया काय म्हणतील? वंदीनं नणंदेचे कांदे घाटातून उतरवून घेतले?"

"मंग तेजूच्या गाडीवर बांधू."

बांधले. गोणी घसरली, तेजूच्या पाठीवर आली. पुन्हा बांधली, पुन्हा आली. प्रकाशनं सीटकडे असं पाहिलं, जसं आक्कानं पाहिलं होतं.

"उद्या पिकअपमधून धाडतो."

"उद्या? आन आज दाजी ताईंच्या दारात मोकळ्या हातानं जातील?"

"मंग यष्टी! दाजी गोण्या घेऊन यष्टीनं जातील."

वंदनानं कपाळाला हात लावला. "जावयाला गोण्यांसकट यष्टीत बसवता? लाज नाय वाटत?"

मी दूरवर चांदवडचा डोंगर पाहत होतो. फार सुरेख दिसतो तो तिथून. हे सगळं मला मसाल्याचा डबा मागताना आधीच सुचलं होतं, असं मी आता सगळ्यांना सांगतो, आणि सांगून सांगून मलाही ते खरं वाटायला लागलंय.

शेवटी प्रकाशनं किल्ली परत माझ्या हातात दिली. "एवढ्या खेपेला न्या, दाजी. कांदे पोचवा आन गाडी आणून द्या. पण येताना रिकामी."

"अगदी रिकामी आणतो," मी म्हणालो.

पिकअप त्या दोघांना वर सोडून केव्हाच गेला होता. प्रकाश आणि वंदना कांद्याच्या ट्रॉलीत बसून घाट उतरले. प्रकाश वळणाआड जाईपर्यंत माझ्या गाडीकडे बघत होता.

परत

"पप्पा, तुमचे खांदे गेलेत," तेजू म्हणाली. "माझी घ्या. ही मी आणते."

मी नको म्हणणार होतो, पण बसलो. वडाळीभोईपर्यंत मी चार हजारांच्या आत होतो, आणि ती गाडी मला अगदीच मिळमिळीत वाटली. मग समोर रस्ता रिकामा झाला. मी आजूबाजूला कुणी ओळखीचं नाही असं बघून मूठ पिळली.

पाच हजार. सहा. आणि मग माझ्याखालचं ते यंत्र एकदम जागं झालं! तो नुसता वेग नव्हता. आवाज बारीक होत गेला, थरथर नाहीशी झाली आणि रस्ता कुणीतरी सतरंजीसारखा माझ्याकडे ओढतंय असं वाटलं. मी ओरडलो. काय ओरडलो ते सांगत नाही, पण द्राक्षबागेत काम करणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. आरशात पाहिलं तर मागे एकच ट्रक होता, आणि तो एकच दिसत होता.

पिंपळगावला मी थांबून वाट पाहिली. बऱ्याच वेळानं डुग डुग ऐकू आलं. तेजू आली ती कांद्याच्या ढिगाऱ्यापुढे राणीसारखी ताठ बसून.

"पप्पा! हिला गिअर बदलावाच लागत नाही हो! उड्डाणपूल आला, मी विसरले, ही तिसऱ्यातच चढली. एवढं सगळं घेऊन!" मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमचा चष्मा कुठाय?"

चष्मा कानामागे उडून हेल्मेटच्या पट्ट्यात अडकला होता.

"किती आरपीएमला गेलात?"

"आठ," मी म्हणालो. साडेआठ होते, पण ती माझी मुलगी आहे, तिच्यापुढे काही मर्यादा पाळायला हवी.

घरी सुमननं गोण्या पाहिल्या आणि तिचा चेहरा उजळला. माहेरच्या कांद्यापुढे सोनं फिकं. मग तिला निकाल आठवला. "मग ही अजून इथं कशी?"

"ही आता प्रकाशची आहे," मी म्हणालो. "वानोळा पोचवायला आली आहे."

चेअरमन साहेबांना मी तेच सांगितलं, आणि सोबत दोन किलो लाल कांदेही दिले. त्यांनी नियम काढला, वाचला. दुसऱ्याच्या मालकीची, बाहेरगावाहून आलेली गाडी. म्हणजे पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये उभी राहू शकते. तेव्हापासून तिथंच आहे, पट्ट्यांच्या आत, बिनसाखळीची.

मी शब्दाचा पक्का आहे. त्यानंतर दोनदा मी ती गाडी रिकामी घेऊन राहुडला गेलो. दोन्ही वेळा वंदनानं गोणी काढली आणि दोन्ही वेळा प्रकाशनं तोंड पाडून स्वतःच्या हातानं ती बांधली. तिसऱ्यांदा तेजूनं नेली. तिच्या हाती तर डाळिंबंही आली.

परवा प्रकाशचा फोन आला. आवाज दबका होता, वंदना जवळपास असावी. "दाजी, या खेपेला एक करा. ताईला आधीच वंदीला फोन करायला लावा. म्हणावं, आम्हाला काही लागत नाय, काहीच धाडू नका."

"बरोबर आहे तुझं," मी म्हणालो. "तूच सांग ना तिला." आणि फोन सुमनच्या हातात दिला.

सुमननं ऐकून घेतलं. "हो रे, हो. काही नको आम्हाला. सगळं आहे." मग तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "पण काय रे प्रकाश, लसूण निघाला असेल ना?"